घर पाडून नवीन बांधतोय, पण दर दहा वर्षांनी परत तोडफोड नको. जिना, भिंती, बाथरूम कुठे ठेवू?

इंदिरानगरकर
रविवार, रात्री १०:१२

नमस्कार मंडळी. इंदिरानगरला आमचा ३० बाय ५० चा प्लॉट आहे, त्यावर वडिलांनी १९८७ साली बांधलेलं तळमजल्याचं घर, लोड बेअरिंग (कॉलम नाहीत, भिंतींवरच स्लॅब), पैसे जमतील तसं बांधत गेलेलं. तीन पावसाळे झाले स्लॅब गळतोय, किचनच्या छताच्या सळया उघड्या पडल्यात, ऑडिट करून घेतलं तर इंजिनिअर म्हणाले आता यात पैसे घालू नका. त्यामुळे पाडायचं हे नक्की.

माझा प्रश्न पुढचा आहे. या घरात आम्ही आत्तापर्यंत चार वेळा तोडफोड केलीय. आजी अंथरुणाला खिळली तेव्हा पोर्च बंद करून तिला खोली केली, माझं लग्न ठरलं तेव्हा मागच्या अंगणात बेडरूम वाढवली, मग बाथरूम हलवलं, आणि वडिलांच्या गुडघ्याच्या ऑपरेशननंतर संडासचं दार रुंद करायला भिंत फोडली. दर वेळी महिनाभर धूळ, दारात विटांच्या तुकड्यांची ट्रॉली, आणि दर वेळी घरातली एक खिडकी कमी झाली. मधल्या खोलीत आता भर दुपारी लाइट लावावा लागतो.

नवीन प्लॅन आर्किटेक्टने छानच काढलाय पण तो आजच्या आमच्यासाठी आहे. आज आई-वडील सत्तरीच्या आसपास, मुलगी बारा वर्षांची, मुलगा सात, बायको आठवड्यातले चार दिवस घरून काम करते, भाऊ पुण्यात आहे आणि परत येईन म्हणतो पण कधी ते अजून त्याचं ठरत नाही. दहा-बारा वर्षांनी मुलं शिकायला बाहेर पडतील, तेव्हा वरचा मजला भाड्याने द्यावा लागेल किंवा भाऊ राहील किंवा मुलीला क्लिनिक काढायचं असेल, कुणी सांगावं. फोल्डिंग बेड, भिंतीत जाणारं टेबल असले व्हिडिओ खूप बघितले, वन रूम किचनवाल्यांना ते उपयोगी आहे, पण मला घराचा सांगाडाच असा हवाय की माणसं बदलली तरी तो फोडावा लागू नये. बजेट सध्या तळ अधिक एक एवढंच आहे, दुसरा मजला नंतर कधीतरी.

आणि एक अडचण. जिना आर्किटेक्टने हॉलमध्ये दाखवलाय. मी बाहेरून घ्या म्हटलं तर आई त्या दिवशी नीट जेवली नाही. तिचं म्हणणं, जिना बाहेर काढला म्हणजे वाटणीची तयारी आत्तापासूनच झाली. तिला दुखवून मला घर बांधायचं नाहीये.


सळई_आणि_सिमेंट
रविवार, रात्री ११:३५

बरं झालं फुटिंगचे म्हणजे पायाचे खड्डे खणायच्या आधी विचारलंत. मी स्ट्रक्चरल इंजिनिअर आहे, नाशकातच २० वर्षं काम करतोय.

घरात नंतर हलवता न येणाऱ्या गोष्टी मोजक्या असतात, कॉलम-बीम, जिना, आणि संडास-बाथरूमच्या लाइन्स. बाकी सगळं हलू शकतं, फक्त आपण ते हलणार असं धरून बांधत नाही. लोक आधी खोल्या आखतात आणि मग खोलीच्या कोपऱ्यात जिथे लपेल तिथे कॉलम घालतात, एक आठ फुटांवर, दुसरा अकरा फुटांवर, आणि प्रत्येक भिंतीखाली एक बीम. असं घर कागदावर नीटनेटकं दिसतं पण भिंत काढली की छतावर बीम उघडा पडतो आणि खोलीच्या मध्ये कॉलम उभा राहतो. तुम्ही आधी गाळे, म्हणजे दोन कॉलमच्या मधली अंतरं, आखायला सांगा, सरळ रेषेत, १२ ते १५ फुटांचे. बीमच्या उंचीचा साइटवरचा ढोबळ हिशोब फुटाला इंच, म्हणजे १५ फुटाला १५ इंच, तो दाराच्या वर सहज बसतो. २० फुटांचा गाळा पण होतो, पण बीम डोक्यावर येतो आणि खर्च वाढतो, घरासाठी त्याची गरज नाही.

आता भिंतीचं वजन सांगतो कारण खरी मेख तिथे आहे. ६ इंची विटेची भिंत, १० फूट उंच, दोन्ही बाजूंनी प्लास्टर, तिचा एक फूट साधारण ३०० किलो भरतो. तीच भिंत ४ इंची एएसी (हलक्या सच्छिद्र काँक्रीटच्या) ब्लॉकची केली तर १०० च्या आसपास. म्हणून विटेच्या भिंतीला खाली बीम लागतो आणि हलकी भिंत स्लॅबवर कुठेही बसवता येते, पण स्लॅब डिझाइन करताना तो लोड धरलेला असेल तरच. आयएस ८७५ या लोडच्या भारतीय मानकात याची सोय आधीपासून आहे. घरात माणसं-सामानाचे चौरस मीटरला २०० किलो धरतात, आणि पार्टिशन नेमकं कुठे येईल हे माहीत नसेल तर वर निदान १०० किलो आणखी धरायचे. एवढं एक वाक्य तुमच्या डिझायनरला लेखी द्या, की आतल्या कुठल्याही भिंतीची जागा पक्की नाही असं धरून स्लॅब करा. स्टील थोडं वाढेल, ते वाढू द्या.

फुटिंग आणि कॉलम आत्ताच दुसऱ्या मजल्यासकट डिझाइन करून घ्या. माती तपासल्याशिवाय नाही. नाशकात एका प्लॉटला चार फुटांवर कडक मुरूम लागतो आणि चार गल्ल्या सोडून काळी माती निघते, शेजाऱ्याचं बघून पायाची खोली ठरवू नका.


सिडको_पाचवी_स्कीम
सोमवार, सकाळी ७:५०

दादा आमचं घर म्हणजे तुमच्या प्रश्नाचं चालतं-बोलतं उत्तर आहे, चुकांसकट. सिडकोने नवीन नाशिक वसवलं तेव्हा छोटी छोटी घरं दिली आणि लोकांनी ती ऐपतीप्रमाणे पुढे-मागे-वर वाढवली, कुठल्याही गल्लीत शिरा, दोन घरं सारखी दिसणार नाहीत. आमच्या वडिलांनी १९८४ ला एक खोली आणि किचन घेतलं, ९३ ला पुढे खोली काढली, २००१ ला पहिला मजला, २०१४ ला दुसरा.

चूक पहिली. ९३ ला कॉलमच्या सळया वर सोडून ठेवल्या की पुढे मजला चढवू. आठ पावसाळे त्या तशाच उघड्या राहिल्या. २००१ ला मिस्त्रीने वरवर गंज घासला आणि त्यालाच नवीन सळया बांधल्या, कुणी हटकलं नाही. दहा-बारा वर्षांत त्या जोडाजवळ काँक्रीट फुगून फुटलं आणि दुसरा मजला घ्यायच्या आधी सगळ्या कॉलमना जॅकेटिंग, म्हणजे बाहेरून नवीन सळया आणि काँक्रीटचं आवरण, करावं लागलं, त्या खर्चात एक अख्खी खोली झाली असती. सळया सोडणारच असाल तर त्यावर कमी सिमेंटचं कच्चं काँक्रीट ओतून झाकून ठेवा, मजला चढवायच्या वेळी ते फोडता येतं.

चूक दुसरी, जिना. आधी विचारच नव्हता म्हणून नंतर लोखंडी जिना पुढच्या मोकळ्या जागेत उभा केला. खालच्या खोलीला तेवढाच उजेड होता, तो गेला.

पण तुमच्या आईंना माझा नमस्कार सांगा आणि हे पण सांगा. आम्ही तीन भाऊ, तिघांच्या चुली वेगळ्या झाल्या २००९ मध्ये, भांडण होऊनच झाल्या, खोटं कशाला बोलू. जिना बाहेर होता म्हणून प्रत्येकजण आपापल्या भागात राहिला, कुणाला घर विकून हिस्सा मागावा लागला नाही, आणि दोन वर्षांत बोलणं परत सुरू झालं. आज फराळ खालीच होतो, आईसमोर. जिना आतून असता तर आम्ही त्याच वर्षी घर विकलं असतं.


गंगापूररोड_फ्लॅट
सोमवार, सकाळी ९:०४

स्वतःचा प्लॉट आहे हे फार मोठं आहे हो. मी २०२१ ला टॉवरमध्ये टूबीएचके घेतला. आईला कायमचं आणायचं ठरलं तेव्हा बाथरूमचं दार रुंद करायला माणूस बोलावला, तो भिंतीवर हातोडी वाजवून परत गेला. ही मिवान पद्धतीची बिल्डिंग, अ‍ॅल्युमिनिअमच्या साच्यात भिंती आणि स्लॅब एकत्र ओतलेले, जवळपास प्रत्येक भिंत आरसीसी आणि तीच वरचे मजले उचलतेय. एक वीतभर पण तोडता येत नाही. काम झटपट होतं, भिंती पक्क्या असतात, सगळं मान्य, पण माझ्या बाथरूमला दारातून मोकळी जागा आहे २४ इंच आणि आईची व्हीलचेअर त्यातून जात नाही. रोज तिला दारापर्यंत नेऊन पुढे उचलावं लागतं. बुकिंगच्या वेळी मला कुणी सांगितलं नाही आणि मला विचारायचं सुचलं नाही. जे कुणी फ्लॅट बघताय त्यांनी नकाशावर रंग मारून घ्या, कुठली भिंत निघते आणि कुठली नाही.

इंदिरानगरकर, तळमजल्याची सगळी दारं आत्ताच ९०० मिलिमीटर मोकळी मिळतील अशी घ्या, बाथरूमचं पण. आणि ते दार बाहेर उघडणारं किंवा सरकतं असू द्या, माणूस आत पडला तर आत उघडणारं दार त्यालाच अडतं.


तिवंधा_माहेर
सोमवार, दुपारी ३:२०

माझं माहेर जुन्या नाशकातल्या वाड्यात. आमच्याकडे घर चौरस फुटात कुणी मोजत नसे, खणात मोजत. दोन खांबांच्या मधलं अंतर म्हणजे खण, अमक्या बिऱ्हाडाकडे दोन खण, वरच्यांकडे तीन खण अशी भाषा. इंजिनिअर भाऊंनी गाळा म्हटलं तो आमचा खणच की. खांब, तुळया आणि बाहेरच्या मातीच्या जाड भिंती कायम, आतली आडोशाची भिंत फळ्यांची. कार्य निघालं की फळ्या काढून ओटी आणि माजघर एक करायचे, बाळंतीण आली की परत खोली व्हायची. एक बिऱ्हाड गेलं की त्याचे खण शेजारच्याला मिळायचे. माझ्या काकांचं लग्न, माझ्या आईची पाच बाळंतपणं आणि आजोबांचं शेवटचं आजारपण, सगळं त्याच चार खणांत झालं आणि एक वीट हलली नाही.

वाड्याचं सगळंच चांगलं होतं असं म्हणणार नाही. सात बिऱ्हाडांत दोन संडास होते, आतल्या खोल्या अंधाऱ्या, आणि नीट दुरुस्ती न झाल्याने आता दर पावसाळ्यात कुठल्या ना कुठल्या वाड्याची भिंत पडल्याची बातमी येते, जीव जातात. 

मला आईंबद्दल लिहायचंय. वरची माणसं बाहेरच्या बाहेर येतील-जातील, दिवसभर कुणी तोंड दाखवणार नाही, हे त्यांच्या मनात असणार. मी पण सासू आहे, मला कळतं ते. आमच्या वाड्यात जिना चौकातून चढायचा. कुणाच्या घरातून नाही आणि रस्त्यावरूनही नाही. शाळेतून येणारं प्रत्येक पोर चौकात बसलेल्या आजीसमोरून वर जायचं, तिने हाक मारली की थांबायचं. तुमच्या घराला पुढे एक मोठी ओटी काढा, झाकलेली, बसायला कट्टा असलेली, आणि खालच्या घराचं दार आणि जिना दोन्ही त्या ओटीतून निघू द्या. आई तिथे भाजी निवडत बसल्या की कोण आलं कोण गेलं सगळं त्यांच्या डोळ्यासमोर.


इंदिरानगरकर
सोमवार, रात्री ९:४५

माई, तुमची पोस्ट आईला वाचून दाखवली. काही बोलली नाही, पण थोड्या वेळाने विचारलं की कट्टा किती रुंद असतो.

फ्लॅटवाले दादा, दारांचं आजच आर्किटेक्टला कळवलं. तुमच्या आईचं वाचून वाईट वाटलं.

अजून दोन शंका. हलक्या भिंतीतून आवाज येतो त्याचं काय? आणि वरचा मजला कधीतरी वेगळा राहील असं धरलं तर आत्ता काय काय करून ठेवायचं? वरती दुसरं किचन आत्ता नकोय.


आर्किटेक्चर_शिकवते
सोमवार, रात्री ११:१०

मी कॉलेजात हाऊसिंग शिकवते त्यामुळे थोडं लांबेल.

तुम्ही जे मागताय त्यावर जगात गंभीरपणे काम झालंय. नेदरलँड्सचे जॉन हॅब्राकेन यांनी १९६१ पासून हेच मांडलं, की इमारतीचा सांगाडा वेगळा आणि आतलं भरण वेगळं धरा, सांगाडा शंभर वर्षं टिकेल असा आणि भरण राहणाऱ्याच्या हातात. जपानमध्ये ओसाकाला १९९३ साली नेक्स्ट २१ नावाची १८ घरांची इमारत त्या विचाराने बांधली, तिथे पाइप आणि वायरी सांगाड्यापासून सुट्या ठेवल्यात आणि आतल्याच काय, बाहेरच्या भिंती पण हलवता येतात.

आपल्याकडची उदाहरणं मला जास्त जवळची वाटतात. इंदूरला अरण्य वसाहत, बाळकृष्ण दोशींची, ८५ हेक्टरवर साडेसहा हजारांच्या आसपास घरं. गरिबातल्या गरिबाला पूर्ण घर बांधून देण्याइतके पैसे नव्हते, म्हणून जोतं, संडास-बाथरूम आणि पाणी-वीज-ड्रेनेजची जोडणी एवढंच पक्कं दिलं आणि बाकी घर लोकांनी वाढवलं. जे माणसाला नंतर करणं जड जातं ते आधी दिलं. चिलीमध्ये अलेहांद्रो अरावेना यांनी २००४ मध्ये इकीके शहरात सुमारे शंभर कुटुंबांसाठी तेच वेगळ्या तऱ्हेने केलं, अर्धं घर बांधून दिलं, किचन, बाथरूम, जिना असलेलं अर्धं, आणि शेजारी तेवढीच जागा मोकळी सोडली. आणि नवी मुंबईत बेलापूरला चार्ल्स कोरिया यांनी ८० च्या दशकात केलेली घरं तर रविवारी जाऊन बघून या. तिथे दोन घरांची भिंत सामाईक नाही, प्रत्येकाची स्वतःची, त्यामुळे शेजाऱ्याला न विचारता घर वाढवता येतं, आणि सात-सात घरांना मिळून एक चौक. माईंचा चौक.

या सगळ्यांतून तुमच्या प्लॉटवर काय आणायचं? संडास-बाथरूम आणि किचनची ओली बाजू एका ओळीत, खालच्यावर वरचं, आणि मध्ये एक उघडं डक्ट ज्यात माणूस शिरून पाइप बदलू शकेल. बाथरूमचा स्लॅब आठ-नऊ इंच खाली सोडलेला असतो, ती जागा नंतर बदलता येत नाही, त्यामुळे वरच्या मजल्यावर डक्टला लागून जी खोली येईल तिथे भविष्यातलं किचन धरा. पाण्याची आणि ड्रेनेजची तोंडं आत्ता काढून बूच मारून ठेवा. ती खोली तोपर्यंत तुमच्या मिसेसची कामाची खोली.

ही सगळी ओली बाजू आणि जिना पश्चिमेला टाका. नाशकात एप्रिल-मेमध्ये दुपारनंतरचं ऊन पश्चिमेच्या भिंतीवर चार तास असतं आणि ती भिंत रात्री अकरापर्यंत आत उष्णता सोडते. तिथे जिना आणि बाथरूम असले की बेडरूम वाचतात, एसीची गरज खूप कमी होते. पाऊसही त्याच बाजूने झोडपतो म्हणून जिन्याला छप्पर हवंच. वास्तू बघणाऱ्यांची पण पश्चिमेच्या जिन्याला सहसा हरकत नसते, घरात कुणी मानत असेल तर तोही वाद मिटेल.

वायरिंग हलणाऱ्या भिंतीत घालू नका. बाहेरच्या भिंती आणि बीमच्या कडेने न्या. सिमेंटमुळे जगातल्या एकूण कार्बन उत्सर्जनाच्या सुमारे ८ टक्के उत्सर्जन होतं असं आम्ही मुलांना शिकवतो आणि मुलं लिहून घेतात, पण तुमच्या घरात चार वेळा जे फोडलं आणि परत बांधलं ते त्याच हिशोबात येतं. मला पर्यावरणपूरक घर म्हटलं की सोलरच्या आधी हे आठवतं.


सळई_आणि_सिमेंट
मंगळवार, सकाळी ८:१५

मॅडमनी छान सांगितलं. आवाजाचं सांगतो. दोन कुटुंबांच्या मध्ये जे येतं, म्हणजे जिन्याची भिंत, ती ६ इंची विटेचीच करा, ती कधी हलणार नाही आणि तिच्याखाली बीम असेलच. आत एकाच घरातल्या दोन खोल्यांमध्ये ४ इंची ब्लॉक दोन्ही बाजूंनी प्लास्टर केला तर रोजच्या बोलण्याचा त्रास होत नाही. नुसतं प्लायचं पोकळ पार्टिशन केलं तर मात्र शेजारच्या खोलीतला फोन ऐकू येतो. अभ्यासाच्या खोलीला ते नको.

आणि हॉल ते जिना या विटेच्या भिंतीत आत्ताच ४ फुटांचं लिंटेल, म्हणजे दारावरची आडवी आरसीसी पट्टी, टाकून ठेवा. सध्या तिथे दार ठेवा, मुलं आतल्या आत वर जातील, रात्री वडिलांना बरं नसेल तर तुम्हाला बाहेर पडून यावं लागणार नाही. ज्या दिवशी वर भाडेकरू येईल त्या दिवशी तेवढंच दार विटेने बंद करायचं, दोन दिवसांचं काम. म्हणजे आज जिना आतला पण आहे आणि ओटीवरचा पण.


वरती_भाडेकरू
मंगळवार, दुपारी १:०२

अनुभवाचं एक. वरच्यांची पाण्याची टाकी, लाइन आणि विजेचा बोर्ड पहिल्या दिवसापासून वेगळा ठेवा. महावितरणचं दुसरं मीटर आत्ता घेऊ नका पण त्याची जागा आणि रिकामा पाइप सोडा. आमच्याकडे एकच मीटर होतं, माणसं चांगली होती तरी दर महिन्याला बिलावरून तोंड वाकडं व्हायचं.


इंदिरानगरकर
गुरुवार, रात्री १०:३०

आर्किटेक्ट, डिझायनर आणि आम्ही सगळे आज तीन तास बसलो. पुढे १० फूट खोल ओटी, पश्चिमेला झाकलेला जिना ओटीतूनच, हॉलकडून लिंटेलसह दार, गाळे सगळे १३ फुटांचे, ओली बाजू जिन्यामागे एका ओळीत. खालची पुढची खोली सध्या आई-वडिलांची, तिला ओटीकडूनही एक दार ठेवलंय, उद्या क्लिनिक झालं तर पेशंट घरात शिरणार नाहीत. एक खोली कमी झाली ओटीमुळे. वडील म्हणाले चालेल. भावाला व्हिडिओ कॉलवर प्लॅन दाखवला, तो बराच वेळ बघत होता.

आईचा एक निरोप आहे. आत्ताच्या घरात शहाबादी फरशी आहे, तिने तेव्हा स्वतः जाऊन निवडलेली. ती नवीन ओटीला वापरता येईल का विचारतेय. ठेकेदार म्हणतो काढताना फुटेल, नवीन घ्या.


सिडको_पाचवी_स्कीम
गुरुवार, रात्री ११:०५

येते की! आम्ही काढलीय. मशीन लावायच्या आधी एक दिवस फक्त फरशीला द्या, आणि जुना माणूस शोधा, घाईवाला नको. भिंतीकडची एक ओळ फुटू दे, तिथून सांध्यात पहार घालून एकेक फरशी खालच्या मालासकट उचलायची, वरून ठोकायचं नाही. काढली की आडवी रचू नका, वजनाने खालच्या तडकतात, भिंतीला उभी लावून ठेवा. मागचा माल नंतर पाणी मारून छिन्नीने निघतो. चार-पाच फरश्यांतली एक जाईल असं धरा, ओटीपुरती आरामात भरेल.

दारांच्या सागवानी चौकटी पण अशाच आधी काढून घ्या, आणि विटांचे तुकडे बाहेर देऊ नका, जोत्यात भरायला लागतील.


तिवंधा_माहेर
शुक्रवार, सकाळी ६:४०

कट्टा दीड फूट रुंद आणि सव्वा फूट उंच ठेवा, आईंना सांगा. गुडघे दुखत असतील तर दोन इंच जास्त उंच, उठायला सोपं जातं.